पेट्रोल पंपावर ९ वर्षं काम, सीबीसीमध्ये पेशी कमी आल्यात, वाफेचा संबंध असू शकतो का?

नाइटशिफ्ट_सातारा

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच लिहितोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी सातारा साइडला हायवेवरच्या एका पंपावर आहे, दिवाळीला ९ वर्षं झाली. बारावीनंतर सहा महिने करू म्हणून लागलो आणि तिथलाच झालो. पहिली चार-पाच वर्षं सलग टू-व्हीलरच्या मशीनला, आता शिफ्ट इनचार्ज आहे पण माणूस कमी असला की नोझल हातात असतंच, शिवाय सकाळची डेन्सिटी काढणं, डिप घेणं म्हणजे टाकीत पट्टी सोडून पातळी बघणं, पाच लिटरचं माप मारून परत टाकीत ओतणं, टँकर आला की झाकणं उघडून बघणं आणि खाली करून घेणं हे सगळं माझ्याकडेच.

झालं असं की मागच्या महिन्यात गावात रक्तदान शिबिर होतं, मी दरवर्षी देतो, यावेळी हिमोग्लोबिन कमी म्हणून परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायची तपासणी, केली. हिमोग्लोबिन ११.४, पांढऱ्या पेशी ३४००, प्लेटलेट १ लाख ३२ हजार. आमच्या डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, पालेभाज्या खा म्हणाले, पाच मिनिटांत बाहेर. काय काम करतोस हे त्यांनी विचारलं नाही आणि मलाही सांगायचं सुचलं नाही.

घरी आल्यावर बायकोने विचारलं की पंपाच्या वासाने होत नसेल ना. ती म्हणते सुट्टीच्या दिवशीसुद्धा अंगाला पेट्रोलचा वास येतो. मला तर आता वास येतच नाही. डोकं मात्र संध्याकाळी जड होतं, सुट्टीच्या दिवशी नाही होत, हे इतकी वर्षं मी उन्हावर ढकलत आलो. माझी मुलगी अडीच वर्षांची आहे, गाडीचा आवाज आला की पळत येते आणि युनिफॉर्मलाच बिलगते, ते आठवलं आणि त्या रात्री झोप लागली नाही.

प्रश्न एवढेच की हे खरंच पेट्रोलमुळे असू शकतं का, कुठल्या डॉक्टरकडे जायचं, कुठली टेस्ट करायची, आणि काम सोडावं लागेल का. घराचा हप्ता चालू आहे त्यामुळे सोडणं सोपं नाही.

बावीस_वर्षं_पंपावर

भावा घाबरू नको. मी २२ वर्षं झाली याच लाइनमध्ये आहे, कोल्हापूर, कराड, इचलकरंजी सगळीकडे केलंय, मला काही झालेलं नाही. हात पेट्रोलने धुतले, तोंडाने पाइप ओढून पेट्रोल काढलं, सगळं केलं. रक्त कमी असतं ते खाण्यापिण्यामुळे, रात्रपाळीमुळे. नेटवर वाचत बसलं की माणूस निम्मा मरतो. गोळ्या घे, खजूर खा, महिन्याभरात परत तपास.

लॅबवाली_ताई

दादा, मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. डॉक्टर नाही, त्यामुळे निदान नाही करत, पण रोज शेकडो सीबीसी हाताखालून जातात म्हणून एक गोष्ट सांगते. नुसतं हिमोग्लोबिन कमी असतं तर वेगळं, आपल्याकडे पुष्कळ लोकांना असतं. तुमच्या रिपोर्टमध्ये तिन्ही ओळी खाली आहेत, लाल, पांढऱ्या आणि प्लेटलेट. लोह कमी पडलं तर शक्यतो एकटं हिमोग्लोबिन पडतं, प्लेटलेट तर उलट वाढलेल्या दिसतात. तिन्ही एकत्र कमी म्हणजे कारण शोधलं पाहिजे, गोळी देऊन गप्प बसायचं नाही. याचा अर्थ काहीतरी भयंकर असेलच असं अजिबात नाही हं. बी-१२ कमी असलं तरी असंच चित्र येतं, नुकताच व्हायरल ताप किंवा डेंग्यू होऊन गेला असेल तरी येतं.

रिपोर्ट परत काढा आणि त्यात बघा लिम्फोसाइटचा, म्हणजे पांढऱ्या पेशींतल्याच एका प्रकाराचा, आकडा किती आहे, टक्के नाही, प्रत्यक्ष संख्या. आणि एमसीव्ही, म्हणजे लाल पेशींचा सरासरी आकार, किती आहे. आणि लॅबला सांगा की स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब, डॉक्टरांनी मायक्रोस्कोपखाली डोळ्यांनी बघून लिहून द्यावा, मशीनच्या आकड्यावर थांबू नका. जुने रिपोर्ट कुठे असतील तर तेही शोधा, लग्नाआधीचा, विम्याचा, कसलाही. पाच वर्षांपूर्वी पांढऱ्या पेशी ७ हजार होत्या आणि आता ३४०० आहेत हे कळलं तर डॉक्टरला त्याचा फार उपयोग होतो.

फॅक्टरी_डॉक्टर_रायगड

मी रायगड जिल्ह्यात केमिकल कारखान्यांत मेडिकल ऑफिसर म्हणून काम करतो, कामगारांच्या आजारांचाच माझा विषय आहे, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो, मोठं झालं तर माफ करा.

आधी तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर. हो, असू शकतं. आहेच असं आज कुणीही सांगू शकत नाही, पण तुमचं काम न विचारता लोहाच्या गोळ्या लिहिणं ही आमच्या व्यवसायाची चूक आहे. तीनशे वर्षांपूर्वी रामाझिनी नावाच्या इटालियन डॉक्टरने सांगून ठेवलंय की रोग्याला बाकीचं विचारताना तू काय काम करतोस हेही विचार. आम्ही शिकतो आणि ओपीडीच्या गर्दीत विसरतो. पुढच्या वेळी तुम्हीच आधी सांगा, साहेब मी पेट्रोल पंपावर आहे, ९ वर्षं.

आता पेट्रोलमध्ये काय असतं. शेकडो हायड्रोकार्बन असतात, त्यातलं आपल्या कामाचं म्हणजे बेंझिन. सध्याच्या बीएस-६ पेट्रोलमध्ये आकारमानाने जास्तीत जास्त १ टक्का बेंझिन चालतं, म्हणजे एका लिटरमध्ये १० मिलीपर्यंत. ऐकायला कमी वाटतं. पण ते उडून हवेत पटकन येतं, श्वासातून आत जातं, लिव्हरमध्ये त्याचे तुकडे होतात आणि ते तुकडे हाडाच्या मज्जेत जाऊन जिथे रक्त तयार होतं त्या मूळ पेशींनाच मारतात किंवा बिघडवतात. पुष्कळदा सुरुवातीला लिम्फोसाइट कमी होतात, मग बाकीच्या. फार वर्षं आणि फार जास्त संपर्क असेल तर मज्जा सुकते, त्याला अप्लास्टिक अ‍ॅनिमिया म्हणतात, आणि काहींमध्ये अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया नावाचा रक्ताचा कॅन्सर होतो. हे इस्तंबूलच्या चपला-बूट शिवणाऱ्या कारागिरांमध्ये दिसलं, त्यांच्या चिकटवायच्या सोल्युशनमध्ये बेंझिन असायचं, आणि अमेरिकेत ओहायोच्या रबर कारखान्यातल्या कामगारांमध्येही दिसलं. दोन्हीकडचे अभ्यास १९७० च्या दशकातले आहेत. म्हणजे ही नवीन भीती नाही, पन्नास वर्षं माहीत असलेली गोष्ट आहे. आणि मार्च २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने फक्त बेंझिनच नाही तर गाडीत घालायचं पेट्रोलच मुळात कॅन्सर करणाऱ्या पहिल्या गटात टाकलं, मूत्राशयाचा कॅन्सर आणि हाच ल्युकेमिया या दोन्हींसाठी.

बावीस वर्षंवाले काका, तुम्हाला काही झालं नाही याचा मनापासून आनंद आहे. पण तुम्ही सुरुवात केली तेव्हाच्या पेट्रोलमध्ये बेंझिनची मर्यादा ३ ते ५ टक्के होती. तुम्ही आजच्यापेक्षा जास्त घेतलंय, त्यामुळे कृपया तुम्हीही एक सीबीसी करा. शेवटची कधी केली होती?

दुसरं, घाबरू नका असं मीही म्हणेन, पण माझं कारण वेगळं आहे. हा ल्युकेमिया मुळात दुर्मिळ आहे आणि पंपावरच्या बहुतेक लोकांना तो होत नाही. शिवाय मज्जेवरचा परिणाम लवकर लक्षात आला आणि संपर्क तोडला तर पेशी पुष्कळदा परत वाढतात. म्हणूनच लवकर तपासायचं.

काय करायचं: दोन-तीन आठवड्यांनी सीबीसी परत, स्मिअरसकट. बी-१२, फोलेट, थायरॉइड, लिव्हर, एचआयव्ही आणि कावीळ ब-क. हे सगळं जनरल फिजिशियन करू शकतो. तरीही तिन्ही आकडे कमी राहिले तर हिमॅटॉलॉजिस्ट, म्हणजे रक्तविकारतज्ज्ञ, पुण्यात ससूनला दाखवता येईल. लघवीतून बेंझिनचा अंश मोजायच्या टेस्ट असतात, म्युकॉनिक अ‍ॅसिड वगैरे, शिफ्ट संपताना नमुना घेतात, पण त्या फक्त गेल्या काही तासांचं सांगतात, सिगारेट ओढली किंवा टिकवण्यासाठी सॉर्बिक अ‍ॅसिड घातलेलं पॅकबंद काही खाल्लं तरी एक आकडा वर जातो. तुमच्यासाठी सध्या तो खर्च नको. साधी सीबीसी, दर सहा महिन्यांनी, आणि प्रत्येक कागद एका फाइलमध्ये.

सिगारेट ओढता का? त्या धुरातही बेंझिन असतं.

नाइटशिफ्ट_सातारा

सर खूप खूप धन्यवाद, इतकं कुणी कधी समजावून सांगितलं नव्हतं. सिगारेट नाही. तंबाखू होती, मळून खायचो, पंपावरच. आता तुम्ही म्हणालात तेव्हा डोक्यात आलं की नोझल धरलेल्या हातानेच मळत होतो.

ताई, जुना रिपोर्ट सापडला. २०१९ मध्ये विम्यासाठी केला होता, पांढऱ्या पेशी ६९००, प्लेटलेट २ लाख ४१ हजार. आताच्यात लिम्फोसाइट ९०० च्या आसपास येतात.

एक विचारायचं होतं, मास्क लावला तर चालेल का? कोविडपासून एन-९५ चा एक बॉक्स पडून आहे.

फॅक्टरी_डॉक्टर_रायगड

एन-९५ धुळीसाठी, कणांसाठी. वाफ त्याच्या आरपार जाते. कापडी रुमाल, मफलर तर उलट वाईट, त्यावर पेट्रोल उडालं की ते नाकासमोर बांधून ठेवल्यासारखं होतं. वाफ थांबवायला कोळशाचं काडतूस असलेला मास्क लागतो, सेंद्रिय वाफेसाठीचा, रबरी असतो, दोन्ही बाजूला डबे. आठ तास उन्हात तो घालून कुणी उभं राहू शकत नाही हे मला माहीत आहे, मी सांगणारही नाही. पण टँकर खाली करताना, डिप घेताना, टाकीचं झाकण उघडताना तेवढी वीस मिनिटं घाला. दिवसातला सर्वात मोठा डोस तिथे मिळतो.

कारण असं बघा, टाकी कधीच रिकामी नसते, पेट्रोल नसतं तिथे वाफ असते. एक लिटर पेट्रोल आत गेलं की साधारण एक लिटर वाफेची हवा बाहेर ढकलली जाते. बारा हजार लिटरचा टँकर खाली झाला की तेवढी हवा तुमच्या जमिनीखालच्या टाकीतून निघते, ती परत टँकरमध्ये नेणारा पाइप जोडला असेल तर ठीक, नाहीतर व्हेंटमधून बाहेर. आणि ही वाफ हवेपेक्षा जड असते, वर जात नाही, खाली रेंगाळते, वारा नसला की चेंबरमध्ये साचते. तुम्ही वाकून डिपच्या पट्टीवरची पेस्ट बघता तेव्हा तोंड नेमकं तिथेच असतं.

टू-व्हीलरचंही तेच. कारमध्ये नोझल आत जातं, माणूस दोन फूट लांब असतो. बाइकची टाकी उघडी, नोझल वरून धरलेलं, फुल झाली का बघायला पोरगा मान खाली घालून बघतो. सलग टू-व्हीलरच्या मशीनला ठेवलेला माणूस सर्वात जास्त घेतो.

कामगार_कायदा_पुणे

डॉक्टरांनी आजाराचं सांगितलं, मी कागदांचं सांगतो कारण पुढे तेच लागतात.

पहिलं, ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, आहे का? दहा किंवा जास्त माणसं असतील आणि पगार महिना २१,००० पर्यंत असेल तर लागू होतं, तुमच्या पगारातून पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के. पगाराची स्लिप बघा, नंबर असेल. असेल तर तपासण्या, हिमॅटॉलॉजिस्ट, सगळं तिथून होतं, खिशातून कशाला घालताय.

दुसरं, फार कमी लोकांना माहीत असतं. बेंझिनमुळे होणारे आजार कायद्याने व्यवसायजन्य आजारांच्या यादीत आहेत. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात, भाग ब मध्ये, आणि तीच यादी आता सामाजिक सुरक्षा संहितेत आली आहे. त्या कामात सलग सहा महिने असाल आणि तो आजार निघाला तर कामावर अपघात झाल्यासारखाच तो धरला जातो. ईएसआयमध्ये आजारपणाचे पैसे पगाराच्या ७० टक्के असतात, पण कामामुळे झालं असं ठरलं तर ९० टक्के. फरक मोठा आहे.

पण त्यासाठी तुम्ही तिथे नऊ वर्षं होता हे सिद्ध झालं पाहिजे. नेमणूक पत्र कितीजणांकडे असतं? पंपावरच्या दहा पोरांना विचारा, एकाकडेही निघायचं नाही. म्हणून हजेरीचे फोटो, शिफ्टच्या हिशोबाचे कागद, बँकेत पगार आल्याच्या नोंदी, युनिफॉर्ममधला तारखेचा फोटो, व्हॉट्सअ‍ॅपवर मॅनेजरने टाकलेली ड्यूटी लिस्ट, जे असेल ते जपून ठेवा. आजच.

आणि एक गोष्ट मला फार खटकते. फॅक्टरी अ‍ॅक्टमध्ये, जो २०२५ मध्ये नव्या संहितेत विलीन झाला, बेंझिनची हवेतली मर्यादा आठ तासांसाठी ०.५ पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत अर्धा भाग, लिहिलेली होती. पण पंप हा फॅक्टरी नाही, दुकान आहे. त्यामुळे ती मर्यादा पंपावर कुणी मोजायला येत नाही. पंपावर आग लागू नये म्हणून नियम भरपूर आहेत, लायसन्स देणारी पेसो ही संस्था तर आपल्या नागपुरातच आहे, मोबाइल वापरू नका, वाळूच्या बादल्या ठेवा, अर्थिंग तपासा, आणि ते सगळं हवंच. पण तिथे उभा राहणारा माणूस रोज काय श्वासात घेतो याची वही कुठल्याच पंपावर नाही.

डीलर_मराठवाडा

मी स्वतः पंप चालवतो, जालना साइडला, १४ माणसं आहेत. वाचून अस्वस्थ झालो, खरं सांगतो. आमच्या ट्रेनिंगमध्ये सेफ्टी म्हणजे आग एवढंच शिकवलं जातं.

व्हेपर रिकव्हरीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जानेवारी २०२० मध्ये नवीन पंपांसाठी नियम काढले, महिन्याला ३०० किलोलिटर पेट्रोल विकलं जाईल अशा पंपाला ही सिस्टीम लागते. यात नोझलला वाफ परत ओढायची सोय असते, दुहेरी पाइप असतो, एकातून पेट्रोल जातं, दुसऱ्यातून वाफ जमिनीखालच्या टाकीत परत येते. आमच्यासारखे गावाकडचे पंप ३०० च्या खूप खाली आहेत त्यामुळे आम्हाला सक्ती नाही. पण माणूस तर आमच्याकडेही तोच आहे ना, त्याचं नाक तालुक्याचं म्हणून वेगळं नसतं. आणि उडून जाणारं पेट्रोल माझ्याच पैशाचं असतं हेही आहे.

मी जे केलंय ते सांगतो, कुणाला उपयोग झाला तर. ऑटो कट झालं, म्हणजे नोझल आपोआप बंद झालं, की ते काढायचं, वर थेंबथेंब टाकायचं नाही, असा बोर्ड लावला. सुरुवातीला रोज भांडणं झाली. लोक म्हणतात काटा मारताय. पोरांना सांगितलं भांडू नका, मला बोलवा. एक मोठा बेसिन केला, साबण ठेवला, पेट्रोलने हात धुताना कुणी दिसला तर मी स्वतः उठून जातो. नायट्राइल हातमोजे देतो, उन्हाळ्यात घालत नाहीत हे खरंय, घाम येतो. आणि टू-व्हीलर, कार, डिझेल अशी दर आठवड्याला आलटून पालटून ड्यूटी. डिझेलची वाफ फारशी उडत नाही. ट्रकच्या धुराचा त्रास तिथे आहेच, तो वेगळा.

सीबीसी मात्र कधी केली नव्हती. आज लॅबला फोन केला, १४ जणांची एकत्र केली तर माणशी अडीचशे म्हणाला. साडेतीन हजार रुपये. एवढी वर्षं हे सुचलं नाही याचं वाईट वाटतंय.

फॅक्टरी_डॉक्टर_रायगड

डीलर साहेब, तुम्ही हे इथे लिहिलंत यासाठी आभार. तुमच्या उपयोगाचं एक सांगतो. ब्राझीलमध्ये आपल्यासारखंच पंपावर माणूसच पेट्रोल भरतो, गिऱ्हाइकाने स्वतः भरायला कायद्यानेच बंदी आहे. तिथे २०१६ मध्ये सरकारने पंपावरच्या बेंझिनसाठी वेगळे नियम केले. ऑटो कटनंतर भरायला मनाई, म्हणजे तुमचा बोर्ड तिथे कायदा आहे. कामगाराचा युनिफॉर्म आठवड्यातून किमान एकदा मालकाने धुवून द्यायचा. सहा महिन्यांनी रक्त तपासणी. आणि सांडलेलं पुसायला फडकं वापरायला बंदी, कागदी टॉवेल वापरून टाकून द्यायचा. हे फडक्याचं वाचलं तेव्हा मी थांबलो होतो. आपल्याकडे प्रत्येक पोराच्या खांद्यावर किंवा मागच्या खिशात एक फडकं असतं, त्यानेच नोझल पुसायचं, त्यानेच टाकी, त्यानेच घाम. दिवसभर पेट्रोलमध्ये भिजलेलं कापड अंगाला चिकटून. बाकी काही जमलं नाही तरी ते फडकं आजच काढा.

नाशिकची_मी

ताई-दादा, मीपण पंपावर आहे, आमच्या पंपावर आम्ही पाचजणी. मला तिसरा महिना लागलाय, अजून कामावर सांगितलं नाही कारण सांगितलं की घरी बसवतील ही भीती. वासाने उलट्या होतात पण त्या तशाही होतात ना. बाळाला काही होईल का? कृपया कुणीतरी सांगा.

फॅक्टरी_डॉक्टर_रायगड

ताई, सांगा. आजच सांगा. बेंझिन वारेतून, म्हणजे नाळेतून, बाळापर्यंत जातं. याचा अर्थ काही झालंय असा नाही, तुम्ही रात्र जागू नका, पण इथून पुढे नोझल, डिप, टँकर तुमच्याकडे नको. कॅश काउंटर, ऑफिस, हवा भरायचं मशीन, सीएनजी असेल तर ते, कुठेही. सीएनजीत बेंझिनचा प्रश्न नाही. तुमच्या डॉक्टरांना काम काय आहे ते सांगा आणि हलकं काम द्या अशी चिठ्ठी लिहून घ्या.

कामगार_कायदा_पुणे

ताई, गरोदर आहे म्हणून कामावरून काढता येत नाही, आणि पहिल्या दोन मुलांपर्यंत २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, ईएसआय असेल तर ती तिथून मिळते. चिठ्ठी देताना एक प्रत स्वतःकडे ठेवा, त्यावर मिळाल्याची सही आणि तारीख घ्या. सही देत नसतील तर मॅनेजरच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवा. अडचण आली तर मला मेसेज करा, पैसे वगैरे काही नाही.

बाइक_आणि_मी

मी फक्त गिऱ्हाईक आहे. गेली पंधरा वर्षं टाकी फुल करताना मी पोराला सांगत आलोय, अजून बसतंय, टाक अजून, आणि तो बिचारा वाकून थेंब थेंब टाकतो. त्या प्रत्येक थेंबाला तो काय ओढून घेत होता हे मला माहीत नव्हतं. इथून पुढे कटला थांबणार, आणि उतरून थोडं लांब उभं राहणार.

गॅरेज_कराड

आमचं काय मग? कार्ब्युरेटर, चेन, सगळं पेट्रोलमध्येच धुतो, मग पाणी कमी म्हणून हात पण त्यातच. तोंडाने पाइप ओढणं तर रोजचंच.

फॅक्टरी_डॉक्टर_रायगड

तोंडाने ओढणं आज बंद करा, हातपंप येतो शे-दीडशेचा. पेट्रोल पोटात गेलं तर जेवढं वाईट त्याच्या कित्येक पट छातीत गेलं तर वाईट, एक घोट श्वासनलिकेत गेला की फुप्फुसं सुजतात आणि माणूस व्हेंटिलेटरवर जाऊ शकतो. आणि कुणी चुकून प्यायलं तर उलटी करवू नका, मीठपाणी पाजू नका, उलटीसोबत तेच परत छातीत उतरतं. सरळ दवाखाना. पार्ट धुवायला डिग्रीझर किंवा डिझेल घ्या, हातमोजे घाला, उघड्यावर बसून धुवा. हात साबणाने. पेट्रोल कातडीचं तेल काढून टाकतं, बोटांना भेगा पडतात आणि मग त्याच भेगांतून आणखी आत जातं.

बावीस_वर्षं_पंपावर

डॉक्टर साहेब तुम्ही विचारलं होतं शेवटची सीबीसी कधी केली. कधीच नाही. उद्या करतो. पोरगी पण मागे लागलीये.

नाइटशिफ्ट_सातारा

मंडळी, अपडेट द्यायला उशीर झाला. तीन आठवड्यांनी परत सीबीसी केली, यावेळी फिजिशियनला पहिलं वाक्य तेच सांगितलं, पेट्रोल पंपावर ९ वर्षं. ते थांबले, पेन खाली ठेवला आणि अर्धा तास विचारत होते. बी-१२ बरंच कमी निघालं, त्याची इंजेक्शनं सुरू झाली. ते म्हणाले हे एक कारण नक्की आहे, पण बी-१२ मुळेच सगळं आहे असं आताच धरायचं नाही, लिम्फोसाइट अजून ९५० आहेत. तीन महिने पेट्रोलपासून लांब राहायचं आणि परत बघायचं, तेव्हाही कमी असल्या तर मज्जेची तपासणी. पुण्याला हिमॅटॉलॉजिस्टची पुढच्या मंगळवारची वेळ मिळाली आहे. ईएसआय नंबर निघाला, मला माहीतच नव्हतं की आहे.

शेठला बोललो. आधी म्हणाले नेटवर काहीबाही वाचतोस. मग मी त्यांच्यासमोर २०१९ चा आणि आताचा रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवला. थोडा वेळ काही बोलले नाहीत. आता मला डिझेलच्या बाजूला आणि हिशोबाला टाकलंय, टँकरला दुसरा माणूस जातो आणि त्याच्यासाठी डब्यांचा मास्क मागवलाय. युनिफॉर्म पंपावरच बदलतो, दुसऱ्या पिशवीत नेतो आणि वेगळा धुतो. मुलगी पळत आली की आधी आंघोळ, मग तिला उचलायचं, ती दारावर धडका मारते तोवर. संध्याकाळचं डोकं जड होणं कमी झालंय, हे मात्र पहिल्या दहा दिवसांतच जाणवलं.

आणि एक. आमच्या शिफ्टच्या सातही पोरांनी पैसे काढून सीबीसी केली. सहाजणांच्या ठीक आल्या. सातवा टू-व्हीलरच्या मशीनला असतो, चार वर्षं झाली, तेवीस वर्षांचा आहे, त्याच्या प्लेटलेट १ लाख १० हजार. घरी कुणाला सांगितलेलं नाही त्याने. मंगळवारी त्याला माझ्यासोबत पुण्याला घेऊन चाललोय.